सिग्नल सुटतो आणि गाडी मान टाकते: तुमच्या गाडीत काय निघालं?

रानवारा:
काल सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी निघता निघता घुसमटली. एक गचका, मग दोन क्षण काहीच नाही, मग एकदम सुटली. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. मला बाबांची कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी आठवली. पळताना झकास, उभ्यावरून निघतानाच नेमकी मान टाकायची. प्लग बदलून झाले, पॉइंट साफ करून झाले, फरक शून्य. शेवटी एका जुन्या मेकॅनिककाकांनी इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढला आणि मला म्हणाले, "मी लिव्हर दाबतो, तू आत बघ." पेट्रोलची बारीक, सणसणीत धार उडायला हवी होती. तिथे एक थेंब ओघळला. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला होता. पाय दाबला की हवा लगेच आत घुसते, पेट्रोल मागे राहतं. ती तूट भरायला हा पंप असतो. इंजेक्शनच्या गाड्यांत तो नाही, पण दुखणं तसंच दिसतं. तुमच्याकडे काय निघालं ते लिहा, कुणाच्या तरी कामी येईल.

दवबिंदू:
थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा भाग. झडपेच्या कडेला काळं कार्बनचं कडं बसलं होतं. साफ केल्यावर गाडीच्या कंप्युटरला आयडल (पाय न देता इंजिन चालू राहण्याचा वेग) पुन्हा शिकवून घ्यावा लागला, तोपर्यंत आरपीएम वरखाली होत होता. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर बिघडू शकतात.

मनमोकळी:
त्या पुढच्या गाडीवाल्याला हॉर्न मारणाऱ्यांचा मला फार राग येतो. मागे लेक झोपलेली, समोर चौक, गाडी निघेना आणि मागून भोंगे. हातपाय गार पडतात हो. माझ्या गाडीत इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) निघाली. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

टिवटिव:
@मनमोकळी अगदी अगदी. हॅझर्ड लाइट लावायचे आणि शांत राहायचं. आपल्यामुळे कुणाचं विमान चुकत नाही.

कातळशिल्प:
आमचं प्रकरण लांबलं, म्हणून सविस्तर लिहितो. गॅरेजमध्ये उभी करून कितीही रेस द्या, गाडी गुणी बाळ. रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये सोडली की गचका. एका गॅरेजने फ्युएल पंप बदलायला सांगितला, दुसऱ्याने इंजेक्टर. दोन्ही नको म्हटलं, कारण इंधनाचं प्रेशर मोजूनच कुणी बघितलं नव्हतं. स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड होता, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. मग बायको म्हणाली, उभ्या गाडीत आणि निघणाऱ्या गाडीत फरक काय, तेवढंच शोधू. तिने ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच अर्धवट सोडला, मी बाजूला उभा राहून बॉनेटखाली टॉर्च मारला (गाडीच्या समोर कधीच उभं राहू नका). इंजिन माउंटवर (ज्या रबरी आधारांवर ते बसतं) कलंडलं आणि एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या वळ्यावळ्यांच्या रबरी नळीला, खालच्या बाजूने, तोंड उघडावं तशी चीर उघडली. क्लच पुन्हा दाबला की मिटली! हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे चीर असल्याने तिथून शिरणारी हवा हिशोबातच येत नव्हती. नळी बदलली, विषय संपला. सुटा भाग बदलायच्या आधी मोजा, बघा, हलवून बघा. हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो.

दवबिंदू:
@कातळशिल्प वहिनींना सलाम _/\_

आजोळ:
माझी गाडी रेस दिली की आवाज वाढतो पण पुढे सरकत नाही. हेच का?

कातळशिल्प:
@आजोळ नाही, आरपीएमचा काटा चढतो आणि गाडी जागेवर, म्हणजे क्लच घसरत असेल. इथे आपण बोलतोय ते काटाच चढत नाही त्याबद्दल. क्लच आधी बघून घ्या, चढावर अडचण होईल.

आजोळ:
धन्यवाद. उद्याच नेतो.

पाऊलवाट:
डिझेलवाले कुणी? टर्बो असेल तर खालच्या आरपीएमला थोडी सुस्ती असतेच. पण अचानक वाढली आणि मागे काळा धूर असेल तर इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्या बघा. आमच्या नळीच्या क्लॅम्पपाशी तेलकट ओल होती, तिथूनच हवा गळत होती. तसंच ईजीआर वाल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला तरी गाडी अशीच मरगळते.

मनमोकळी:
आले. तर कॉइल. गंमत म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागलाच नव्हता, आणि म्हणून गॅरेजवाला मानायलाच तयार नाही! "तुम्ही क्लच नीट सोडत नसाल मॅडम." फार लागलं ते. इतकी वर्षं गाडी चालवतेय. दुसरीकडे गेले, त्या दादांनी शेजारी बसून गाडी चालवून बघितली आणि कॉइलींची अदलाबदल केली. मिसिंग (सिलिंडर मधेच पेट न घेणं) कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेलं, झाला निकाल.

टिवटिव:
हे "मॅडम क्लच" मीही ऐकलंय. माझी आई साठीत गाडी शिकली, तिलाही हेच. आता तीच मला घाटात गिअर कसे टाकायचे ते सांगते.

रानवारा:
@टिवटिव काकूंवर वेगळा धागा काढा, नक्की वाचू.

पाऊलवाट:
स्कॅनर असेल तर कोडसोबत फ्युएल ट्रिमही बघा, म्हणजे कंप्युटर पेट्रोल किती वाढवतोय (प्लस) की कमी करतोय ते. आयडलला खूप प्लस आणि २५०० आरपीएमला उतरला तर बहुतेक व्हॅक्युम गळती, म्हणजे न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरतेय. रेस वाढवताना उलट चढत गेला तर इंधनपुरवठा किंवा हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर (एमएएफ).

आजोळ:
तो सेन्सर कार्ब्युरेटर क्लीनरने धुतला तर चालेल?

दवबिंदू:
नको नको! आतली तार नाजूक असते. एमएएफ क्लीनर वेगळा मिळतो, तोच मारा. पुसायचं नाही, पूर्ण वाळू द्यायचं. आणि तुमचं क्लचचं आधी बघा हो.