अनुभव धागा: टीम बिल्डिंगचा दिवस वाया जाऊ नये म्हणून

धागाकर्ती

टीम बिल्डिंगचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात: 'धमाल आली' आणि 'सक्तीची मजा'. पुढच्या आठवड्यात कामात काय फरक पडला, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्यांनी असे दिवस आखले, चालवले किंवा नंतर तपासले, त्यांनी इथे लिहावं. हकिगती नकोत. माणसं किती, वेळ किती, साहित्य काय, कुठे फसतं आणि का, एवढं पुरे. एकमेकांना खोडून काढलंत तरी चालेल.

एचआर, आखणीचं काम

ठिकाण आणि खेळ आधी ठरतात, उद्देश नंतर चिकटवला जातो. बहुतेक दिवस इथेच हातचे जातात. सगळ्यात आधी एक वाक्य लिहून काढा: या दिवसानंतर टीममध्ये कोणती गोष्ट वेगळी घडायला हवी? 'टीम स्पिरिट वाढावं' हे वाक्य चालणार नाही, कारण ते वाढलं की नाही हे कोणालाच दाखवता येत नाही. 'टेस्टिंगकडे काम जाताना माहिती अर्धवट जाते, ती पूर्ण जावी' हे चालेल.

हे वाक्य मॅनेजरच्या अंदाजावर सोडू नये. दोन-तीन आठवडे आधी सगळ्यांना तीन प्रश्न द्या, उत्तरं निनावी. कोणत्या कामात दुसऱ्याची वाट बघण्यात सर्वाधिक वेळ जातो? कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे स्पष्ट नाही? बैठकीत न बोलली जाणारी कोणती गोष्ट बैठकीबाहेर बोलली जाते? तोच तोच मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत आला की विषय मिळाला. टीम पाच-सहा जणांची असेल तर निनावी फॉर्म निरर्थक, लिहिण्याच्या ढबीवरून माणूस ओळखू येतो. तिथे टीमबाहेरच्या कोणीतरी प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलावं आणि फक्त एकत्रित मुद्दे पुढे द्यावेत.

उत्तरांत कामाचा बोजा, पगार किंवा अपुरं मनुष्यबळ हेच येत असेल तर कार्यक्रम रद्द करा. दमलेल्या माणसांना खेळायला नेलं की ती आणखी चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

संशोधन वाचणारी

वरच्या मुद्द्याला आधार आहे. क्लाइन, सालास आणि सहकाऱ्यांनी २००९ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात टीम बिल्डिंगचे चार घटक तपासले होते: ध्येय ठरवणं, आपसातले संबंध, भूमिका स्पष्ट करणं आणि समस्या सोडवणं. चारहींचा उपयोग दिसला, पण सर्वांत जास्त ध्येय ठरवण्याचा आणि भूमिका स्पष्ट करण्याचा. बाजारात विकले जाणारे बहुतेक कार्यक्रम मात्र आपसातल्या संबंधांवरच भर देतात.

म्हणून दिवसातला निदान एक तास भूमिकांच्या तक्त्याला द्या. मोठ्या कागदावर आडव्या ओळींत टीमचे नेहमीचे दहा-बारा निर्णय, उभ्या रकान्यांत माणसं. प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे, गप्प राहून भरायचं: हा निर्णय कोण घेतं, कोणाला विचारून घेतं, कोणाला नुसतं कळवतं. मग सगळे तक्ते शेजारी लावायचे. ज्या ओळीत तीन वेगळी नावं आली तिथेच चर्चा करायची, बाकीच्या ओळी सोडून द्यायच्या. चर्चा आधी आणि भरणं नंतर असा क्रम झाला तर सगळे पहिल्या बोलणाऱ्याचीच नक्कल करतात.

फॅसिलिटेटर

असे खेळ आणि त्यानंतरची चर्चा चालवणं हे माझं काम. खेळाबद्दल लिहितो, कारण लोक अडतात ते इथे.

नियम एकच. खेळ जितका वेळ, चर्चा किमान तितकाच वेळ. वीस मिनिटांच्या खेळाला पाच मिनिटांची चर्चा म्हणजे नुसती करमणूक. क्रम असा: काय करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. हे चार प्रश्न अमेरिकी लष्करात कारवाईनंतरच्या आढाव्यासाठी वापरले जातात. त्यात पाचवा घाला: 'आपल्या कामात हेच कुठे होतं?' हा प्रश्न विचारून गप्प बसायचं. दहा सेकंदांची शांतता सहन न होऊन फॅसिलिटेटर स्वतःच तात्पर्य सांगून टाकतो, आणि मग लोक माना डोलावतात. संपलं.

चाळीस जणांच्या गोलात पाच-सहाच जण बोलतात. आधी जोड्यांमध्ये तीन मिनिटं, मग आठ-दहा जणांचा गट, मग गरज असेल तरच सगळे एकत्र. प्रत्येक गटात एक निरीक्षक ठेवा. तो खेळत नाही, नुसत्या नोंदी करतो: कोणाची सूचना ऐकली गेली नाही, पहिली चाचणी कितव्या मिनिटाला झाली, घड्याळाकडे कोण बघत होतं. 'तुम्ही एकमेकांचं ऐकत नाही' असं म्हटलं की वाद होतो. 'सहाव्या मिनिटाला ही सूचना आली, चौदाव्या मिनिटाला तीच दुसऱ्याने मांडली तेव्हा स्वीकारली गेली' असं म्हटलं की खोली शांत होते.

दोन खेळ नेमके सांगतो.

स्पगेटीचा मनोरा: चार जणांचा गट, न शिजवलेल्या स्पगेटीच्या २० काड्या, एक यार्ड (सुमारे ९१ सेंटीमीटर) चिकटपट्टी, तेवढीच दोरी, एक मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई), १८ मिनिटं. मार्शमॅलो टोकावर ठेवून स्वतःच्या बळावर उभा राहणारा सर्वांत उंच मनोरा करायचा. फसतो तो नेहमी शेवटच्या मिनिटाला. मार्शमॅलो हलका वाटतो, म्हणून तो सर्वांत शेवटी ठेवतात आणि काड्या वाकून सगळं कोसळतं. ही कल्पना पीटर स्किलमन यांची. टॉम वुजेक यांनी ती २०१० साली टेडच्या मंचावर गाजवली आणि बालवाडीतली मुलं एमबीएच्या ताज्या पदवीधरांना मागे टाकतात हे सांगितलं, कारण मुलं सुरुवातीपासून मार्शमॅलो लावून बघत राहतात. पण हा खेळ एकदाच घेणं ही उधळपट्टी आहे. पहिली फेरी, पंधरा मिनिटं चर्चा, 'आता कामाची पद्धत कोणती बदलणार' हे कागदावर, मग नवीन साहित्य देऊन दुसरी फेरी. शिकलेलं लगेच वापरून बघता येतं ते दुसऱ्या फेरीतच. साहित्य दुप्पट आणा, वर काड्यांचा एक पुडा जादा, अगदी बारीक काड्या टाळा. निम्म्या लोकांना उत्तर माहीत असेल तर दुसरा खेळ निवडा.

हवेत उठणारी काठी: आठ ते बारा जण, समोरासमोर दोन रांगा, तर्जन्या आडव्या पुढे. त्यावर तंबूची, सांधे जोडून होणारी लांब, हलकी काठी. प्रत्येकाचं बोट काठीला सतत टेकलेलं ठेवून ती जमिनीवर आणायची. काठी वर जाते! बोट सुटू नये म्हणून प्रत्येकजण किंचित वर ढकलतो आणि त्या सगळ्या ढकलण्यांची बेरीज काठीच्या वजनापेक्षा जास्त होते. जड बांबू घेतला तर तो निमूट खाली येतो, खेळच होत नाही. प्रत्येकजण आपलं उद्दिष्ट चोख पाळतो आणि एकत्रित उद्दिष्ट बिघडतं, हे ज्या टीमच्या कामात घडतं तिथेच हा खेळ वापरावा. नाहीतर दोष कोणाचा यावरच सगळे अडकतात.

मानसशास्त्र शिकवणारा

रस्सीखेच ठेवणाऱ्यांसाठी: माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढत गेली तसा माणशी जोर कमी होत गेला. काही भाग ताळमेळाच्या अभावाचा, काही अंग चोरण्याचा. त्यामुळे गट चार-पाचांचे ठेवा आणि प्रत्येकाच्या वाट्याचं काम डोळ्यांना दिसेल असं ठेवा. दहा जणांच्या गटात चार जण खेळतात, सहा जण फोटो काढतात. आकडा बघा: पाच जणांत दोघादोघांच्या जोड्या होतात १०, आठ जणांत २८, बारा जणांत ६६. एका दुपारी ६६ नाती कोण सांभाळणार?

चंद्रावर अडकल्याच्या सरावाबद्दलही सांगतो. कल्पना अशी की यान चंद्रावर ठरल्या जागेपासून दूर उतरलंय आणि उरलेल्या १५ वस्तूंचा महत्त्वक्रम लावायचा. दहा मिनिटं एकट्याने, मग वीस-पंचवीस मिनिटं गटाने. नासाच्या क्रमाशी प्रत्येक वस्तूतला फरक काढून बेरीज करायची, कमी तेवढी चांगली. ऑक्सिजन पहिला, पाणी दुसरं आणि काडेपेटी शेवटची, कारण चंद्रावर ती पेटणारच नाही. खरी गंमत तीन आकड्यांत आहे: सदस्यांची सरासरी, गटाचा आकडा आणि सर्वांत चांगल्या सदस्याचा आकडा. गट सरासरीपेक्षा बरा ठरला, पण आपल्यातल्या सर्वोत्तम माणसापेक्षा वाईट, तर जाणकार खोलीतच होता आणि त्याचं ऐकलं गेलं नाही. चर्चा तिथून सुरू करा. बहुमताने क्रम लावायला मात्र मनाई हवी, नाहीतर चर्चाच होत नाही.

सेल्समधून

स्पर्धेशिवाय आमची माणसं जागची हलत नाहीत. सगळीकडे सहकार्याचे खेळ घेतले तर अर्धी टीम फोनमध्ये डोकं घालते.

मानसशास्त्र शिकवणारा

स्पर्धा ठेवा, पण विभागाविरुद्ध विभाग नको. समाजमानसशास्त्रज्ञ शेरीफ यांच्या १९५४ च्या रॉबर्स केव्ह प्रयोगात (उन्हाळी शिबिरातला प्रयोग) मुलांच्या दोन गटांत स्पर्धा लावल्यावर वैर झटपट वाढलं. नुसतं एकत्र आणून ते कमी झालं नाही. दोन्ही गटांनी मिळूनच पार पडतील अशी कामं दिल्यावर कमी झालं. तेव्हा गट मिसळा, किंवा घड्याळाशी आणि स्वतःच्या आधीच्या आकड्याशी झुंजवा. सेल्सवाल्यांना तेवढं पुरतं.

मॅनेजर

साहेबांनी काय करायचं यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून दोन ओळी. चर्चेत सगळ्यात शेवटी बोला. उद्घाटनाचं भाषण तीन मिनिटांच्या आत. खेळात असाल तर एका गटात साधे सदस्य म्हणून, नसाल तर खोलीबाहेर. मागे उभं राहून बघत बसलात तर सगळे तुमच्यासाठी खेळतात. आणि त्या दिवशी कोणी काय बोललं हे पुढे मूल्यमापनात आलं, की पुढच्या वेळी सगळे गोड गोड बोलतील.

व्यवस्था पाहणारी

कामाच्या वेळेत, कामाच्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी बोलावलं की लहान मुलं किंवा आजारी आईवडील सांभाळणारे आधी गळतात, आणि तेच 'टीमसोबत नसतात' असा शिक्का बसतो. धावणं, उचलणं, चढणं असलेल्या प्रत्येक खेळात वेळ मोजणं, नोंदी, रचना अशी खरी भूमिका आधीच ठेवा. ऐनवेळी 'तू बस, टाळ्या वाजव' म्हणणं अपमानास्पद असतं. कारण न विचारता नकार देता यायला हवा. डोळे बांधणं, स्पर्श, मागे पडून झेलायला लावणं आणि बालपणीचं दुःख सांगायला लावणं या चार गोष्टी मी यादीतून थेट काढते. विश्वास असा मागून मिळत नाही.

रिमोट टीम लीड

ऑनलाइन असेल तर ब्रेकआउट रूममध्ये (व्हिडिओ बैठकीतल्या छोट्या वेगळ्या गटात) तीन किंवा चारच जण, एकूण वेळ नव्वद मिनिटांत. सूचना तोंडी देऊ नका. रूम उघडली की मुख्य खोलीतला आवाज बंद होतो आणि 'नक्की काय करायचंय?' यातच चार मिनिटं जातात. सूचना, वेळ आणि लिहायची जागा एकाच सामायिक पानावर, रूमचा क्रमांक घालून. काही जण ऑफिसात आणि काही घरी असतील तर ऑफिसातल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवर, वेगळे बसून यावं. एका कॅमेऱ्यासमोर आठ जण बसले की घरचे प्रेक्षक होतात.

एचआर, आखणीचं काम

मोजण्याबद्दल राहिलं होतं. कार्यक्रम संपताच भरून घेतलेला फॉर्म जेवण आणि फॅसिलिटेटरचा स्वभाव मोजतो. आधी, दोन आठवड्यांनी आणि आठ आठवड्यांनी तेच चार प्रश्न विचारा, जोडीला कामातला एक आकडा ठेवा: अर्धवट माहितीमुळे परत आलेली कामं, किंवा मंजुरीला लागणारे दिवस. दिवसाच्या शेवटी ठराव दोनच घ्या, प्रत्येकापुढे एक नाव आणि एक तारीख. भिंतीवर पंचवीस चिठ्ठ्या लावून घेतल्या तर एकही होत नाही. पहिला आढावा दहा कामाच्या दिवसांच्या आत, नेहमीच्याच बैठकीत, पंधरा मिनिटं. तो कॅलेंडरवर टाकायचा कार्यक्रमाचं निमंत्रण पाठवतानाच, कारण नंतर कोणालाच वेळ सापडत नाही.