मदत हवी आहे: क्लायंटला मागच्या तारखेचे रिव्ह्यू हवेत, अहवालात काय लिहू?

नमस्कार मंडळी,

अंधेरीतल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत तीन वर्षं सायबर सिक्युरिटी कम्प्लायन्सचं, म्हणजे सुरक्षेचे नियम पाळले जातात का ते पाहण्याचं काम करते. सध्या माझ्याकडे मध्य मुंबईतली एक नागरी सहकारी बँक आहे. दोन आठवड्यांत त्यांचं ऑडिट आहे आणि मी अडकले आहे.

बँकेच्याच पॉलिसीप्रमाणे दर तिमाहीला युजर ॲक्सेस रिव्ह्यू व्हायला हवा, म्हणजे कोणाकडे कोणता आयडी आहे आणि तो अजून लागतो का, हे तपासून सही करायची. शेवटचा रिव्ह्यू मार्चमध्ये झालाय. जून आणि सप्टेंबरचे झालेच नाहीत. आयटी सांभाळणारे साहेब परवा म्हणाले, "ताई, दोन्ही शीट तुम्हीच बनवून द्या, मी सही करतो. तारीख तेवढी जुनी टाकू."

माणूस सज्जन आहे, हे मला आवर्जून सांगायचंय. अकरा शाखा आणि आयटीत हे एकटे. कोअर बँकिंगचा, म्हणजे सगळ्या शाखांची खाती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा व्हेंडर यांनीच सांभाळायचा आणि शाखेतला प्रिंटर अडला तरी फोन यांनाच. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा दुपारी चारला डबा उघडत होते.

आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "आपण सल्लागार. सही बँकेची. फॉरमॅट दे आणि मोकळी हो." पण त्या फॉरमॅटमधली नावं आणि जुनी तारीख मीच भरणार असेन, तर मी मोकळी कशी?

मी आजची युजर लिस्ट काढून पाहिली. निवृत्त झालेल्या दोघांचे आयडी अजून चालू आहेत. त्यातल्या एकावरून गेल्याच आठवड्यात लॉगिन झालंय. एका शाखेत तो पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे आणि घाईच्या वेळी नोंद करणाराच त्या आयडीवरून ती पासही करतो. मेकर-चेकर, म्हणजे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती पास करायची, हे फक्त कागदावर उरलंय. जूनमध्ये खरोखर यादी तपासली असती तर हे तेव्हाच सापडलं असतं. मागच्या तारखेची शीट केली तर हेच झाकलं जाईल, म्हणून मला ते करवत नाही.

आणखी एक. बँकेच्या नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या फायरवॉलमध्ये जेमतेम ३५ दिवसांचे लॉग, म्हणजे ये-जा झाल्याच्या नोंदी राहतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे ठेवायला हवेत. मोठं सिस्टिम घ्यायला बजेट नाही, असं सांगतात.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी गेले, तेही दोन-तीन दिवसांत. ही बँक त्यामानाने फारच लहान. काउंटरवर पासबुक भरायला येणाऱ्यांत गिरणीत आयुष्य काढलेले आजोबा आहेत. इथे असं काही झालं तर ही माणसं कोणाकडे जातील?

साहेबांवर सगळं न ढकलता खरं कसं लिहू? आणि लॉगसाठी कमी खर्चाचा मार्ग आहे का?

प्रतिसाद १

मागची तारीख अजिबात टाकू नका. ऑडिटर शीटच्या शेजारी कोअर बँकिंगचा लॉगिन रिपोर्ट ठेवतो. जूनमध्ये "तपासून बंद केला" लिहिलेला आयडी गेल्या आठवड्यात चालू दिसला की संपलं. शिवाय एक्सेल फाइल कधी बनली हे फाइलच सांगते.

रिव्ह्यू आज करा, आजच्या तारखेने. ते दोन आयडी आजच बंद करायला सांगा, पण आधी त्यांवरून निवृत्तीनंतर झालेल्या सगळ्या नोंदींचा रिपोर्ट काढून शाखाधिकाऱ्यांकडून तपासून घ्या. अहवालात सरळ लिहा: दोन तिमाहींचे रिव्ह्यू झाले नाहीत, कारण हे, दुरुस्ती ही, तारीख ही. साहेबांचं नाव नको, पद लिहा. आणि "अकरा शाखांचं आयटी एकाच व्यक्तीवर अवलंबून" ही स्वतंत्र जोखीम म्हणून नोंदवा, जबाबदारी व्यवस्थापनाची दाखवा. माणूस वाढवून द्यायचा निर्णय संचालक मंडळाचा आहे, त्यांच्यासमोर तो लेखी जायला हवा. मी सहकारी बँकेत बारा वर्षं आयटीत काढलीत. असं लिहिणारा सल्लागार मला हवा होता.

प्रतिसाद २

लॉगचं सोपं आहे. एखादा जुना पीसी, चार टीबीची डिस्क, त्यावर लिनक्स आणि आर-सिसलॉग, म्हणजे लॉग गोळा करणारं मोफत सॉफ्टवेअर. फायरवॉलमधले लॉग सिसलॉगच्या सोयीने तिकडे वळवा. सगळ्या मशीनची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवा, तेही त्याच निर्देशांत आहे. त्या पीसीचा ॲडमिन पासवर्ड फायरवॉल सांभाळणाऱ्याकडे नको, इंटर्नल ऑडिटकडे ठेवा. मात्र १८० दिवस आज सुरू होतील, मागचे परत येणार नाहीत. तेही अहवालात लिहा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज साहेबांसोबत बसून एकेक आयडी पाहिला, अडीच तास लागले. दोन नाही, पाच निघाले. पाचही बंद केले, नोंदींचे रिपोर्ट शाखांकडे गेलेत. "एकाच व्यक्तीवर अवलंबून" हा मुद्दा वाचून साहेब बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हे राहू दे, ताई."

आमच्या सरांना मसुदा पाठवलाय, उत्तर अजून नाही. त्यांनी तो मुद्दा काढायला सांगितला तर काय करावं, हे कोणी अनुभवलं असेल तर सांगा. सोमवारी अकराला बँकेत मीटिंग आहे.