वायर नसलेला चार्जर (आमच्या जळगावच्या सोसायटी ग्रुपवरून)

सी-३०२ वहिनी: आज जरा मोठा मेसेज आहे, पण वाचाच. रविवारी भाचीच्या लग्नाला भुसावळकडे गेलो होतो. नवरीच्या खोलीतल्या बाथरूममध्ये प्लगला चार्जर लावलेला, वायर नाही. लेकीला साडी बदलायची होती, तिचं लक्ष गेलं. समोर टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि आत काच, म्हणजे छुपा कॅमेरा. तोवर आमच्या चार-पाच बायका तिथेच तयार होऊन मंडपात गेल्या होत्या. हॉलवाला म्हणाला, कोणाचा तरी राहिला असेल. लेक दोन दिवस नीट जेवली नाही.

ए-१०३ आबा: पोरनी काय चूक शे यामा? तिला सांग, मान खाली घालायची नाही.

डी-१०१ काका: वहिनी, मुलीचं लग्नाचं वय आहे. ग्रुपवर नको. मेसेज डिलीट करा.

सी-३०२ वहिनी: नाही करणार, काका. इथल्या प्रत्येक घरात लेकी-सुना आहेत.

बी-२०४ वकील ताई: चार्जर काढला नाहीत ना?

सी-३०२ वहिनी: नाही. दीर दाराशी उभे राहिले, ११२ ला फोन लावला. पोलिसांनी पंचनामा करून नेला.

बी-२०४ वकील ताई: फार बरं केलंत. लोक रागात फोडतात, नाहीतर मेमरी कार्ड काढून बघत बसतात. पुरावा तिथेच खराब होतो.
आता कायद्याचं. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४ सी आलं, बाईला खासगी क्षणी चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा. तेच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. १ ते ३ वर्षं कैद आणि दंड, पुन्हा दोषी ठरला तर ३ ते ७ वर्षं. मला खटकतं ते हे ‘पुन्हा’. आधी एकदा शिक्षा झालेली असेल तरच ते लागतं. पन्नास बायकांचं चित्रण करून पहिल्यांदा सापडला, तरी कायद्याच्या लेखी पहिलीच वेळ. आणि पहिली वेळ जामीनपात्र.

डी-१०१ काका: म्हणजे लगेच सुटतो?

बी-२०४ वकील ताई: जामीन हा त्याचा हक्कच. आणि काका, तुम्हाला नावाची भीती वाटते, त्यातही कायदा अपुरा आहे. पीडितेची ओळख छापू नये हे कलम ७२ मध्ये आहे, पण ते ६४ ते ७१ कलमांच्या, म्हणजे बलात्कार आणि तशा लैंगिक गुन्ह्यांपुरतं. ७७ त्यात नाही. ते घातलं तर किती मुली तक्रारीला पुढे येतील!

ई-४०१ भाऊ: आमचा मुलगा होस्टेलला असतो. मुलांचं काय?

बी-२०४ वकील ताई: ७७ फक्त स्त्रियांसाठी. आयटी कायद्याचं ६६ ई सगळ्यांना आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतंच.

सचिव: कायदा केंद्राचा, म्हणून खासदारांना अर्ज देऊ. पहिला गुन्हाही अजामीनपात्र करा, ७७ च्या पीडितेचं नाव गुप्त ठेवा, मुलग्यांनाही संरक्षण द्या. ताई, मसुदा तुम्ही करा.

ए-१०३ आबा: पहिली सही माझी.

डी-१०१ काका: दुसरी माझी. वहिनी, मघाशी चुकलो मी. सुनेच्या डोहाळजेवणाला एक हॉल ठरवतोय. पैसे भरण्याआधी खोल्या बघायच्यात, येता का?

सी-३०२ वहिनी: येते. टॉर्च घ्या. खोलीत अंधार करून प्रकाश फिरवला की काच चमकते. लेकपण येईन म्हणते.