रे: अजब बंगल्याले पोट्टे घेऊन जायचं तर गणेशपेठहून ऑटोच का?

वरती भाऊनं लिहिलं की हिंगणघाटकडून अजब बंगला (नागपूरचं सेंट्रल म्युझियम) पाहाले येणाऱ्यानं नागपूरच्या गणेशपेठ एसटी स्टँडवर उतरून सरळ ऑटो करावा, जमते तसं, पण मले ते पटत नाही. वर्धा रोडनं एसटी येत असेल तर गणेशपेठपर्यंत जायचंच काहून? कंडक्टरले आधीच विचारून ठेवा अन् बस थांबवत असेल तर खापरीले उतरा, तिथून मेट्रोची ऑरेंज लाईन सुरू होते अन् गाडी न बदलता झिरो माईल फ्रीडम पार्क स्टेशनले सोडते, तिथून सिव्हिल लाईन्समधला अजब बंगला जवळच हाय, ऊन नसलं तर पायीच चला. पोट्ट्यायले तर म्युझियमपेक्षा मेट्रोचंच जास्त अप्रूप राहते हे मनाची तयारी करून ठेवा!

रेल्वेनं आले तर स्टेशनजवळून मेट्रोचीच अ‍ॅक्वा लाईन पकडायची अन् सीताबर्डीले ऑरेंज लाईनसाठी बदलायची.

एसटीत बायांले अर्धं तिकीट हाय (मार्च 2023 पासून) अन् 75 च्या वरच्या म्हाताऱ्यायले फुकट, म्हणून आजीलेही घ्या संगं. फक्त सोमवारी जाऊ नका, म्युझियम बंद राहते. 1863 चं म्युझियम हाय, पेंढा भरलेल्या जनावरायपाशी पोट्टे अडकून बसतात, पण जुन्या मूर्ती अन् गोंड लोकायच्या वस्तू सोडू नका, आपल्या इकडच्याच हायेत त्या. दुपारून पोहोचाल तर घाई होईन, सकाळचीच गाडी धरा.