दराऱ्याच्या पलीकडे: ग्वामचा अपघात

१९९७ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाम या अमेरिकी बेटावर उतरताना कोरियन एअरचं विमान टेकडीवर आदळलं. अनेकदा म्हटलं जातं की या अपघाताचं मूळ एकच, सहवैमानिकाची कॅप्टनपुढे बोलायची हिंमत झाली नाही. हे अर्धंच खरं. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण सांगतं की आदळण्याच्या साधारण सहा सेकंद आधी सहवैमानिकाने उतरणं रद्द करायला सांगितलं होतं. उशीर झाला हे खरं, पण तो गप्प बसला नव्हता. वरिष्ठांपुढे न बोलण्याची 'कोरियन संस्कृती' म्हटलं की विषय संपतो, म्हणून ती गोष्ट सगळ्यांना आवडते.

या गोष्टीत न येणारी बाब जमिनीवरची आहे. विमान टेकडीच्या फार जवळ आलं तर रडारवर कंट्रोलरला इशारा देणारी यंत्रणा तिथे होती. पण खोटे इशारे फार येतात म्हणून विमानतळाभोवती ५४ सागरी मैलांच्या परिघात ती मुद्दाम बंद ठेवली होती. चालू राहिली ती बाहेरची मैलभर रुंदीची कडी, आणि तीही बहुतेक समुद्रावर! ती नीट चालली असती तर कंट्रोलरला मिनिटभर आधी कळलं असतं.

त्यात उतरण्याचा कोन दाखवणारा ग्लाइडस्लोप दुरुस्तीसाठी बंद, पाऊस, रात्र. शिवाय अंतर दाखवणारं उपकरण धावपट्टीशी नव्हे, तर ३.३ सागरी मैल अलीकडे निमित्झ हिलवर. विमान आदळलं ते त्याच टेकडीवर. २५४ पैकी २२८ जण गेले. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने कॅप्टनला दोष दिलाच, पण इशारा बंद ठेवणाऱ्या एफएएला, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामकालाही सोडलं नाही.