प्रतिसाद: लोअर आर्म बुशसकट कोटिंगला देऊ नका
दादा, जुन्या टू-सीटर कारचे गंजलेले लोअर आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे खालचे दांडे) बुशसकट, म्हणजे भोकातल्या रबरी गादीसकट, पावडर कोटिंगला (पावडरचा रंग भट्टीत भाजून पक्का करतात तो) देतो म्हणालात, तसं नका करू हो, भट्टी १८०-२०० डिग्रीला असते, रबराची वाट लागतंय. बेळगावच्या उद्यमबागेत ब्लास्टिंगला (कणांच्या माऱ्यानं गंज काढायला) टाकायच्या आधी बुश, बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळ्याचा सांधा) प्रेसवर काढा आणि बुशच्या भोकाला, आट्यांना मास्किंग करा, म्हणजे रंग लागू नये म्हणून झाका, मी विसरलो तर भोकातला रंग खरवडण्यात अख्खा रविवार गेला की. ब्लास्ट झालं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, आपल्याकडं जुलैत एका रात्रीत तांबूस गंज धरतोय बघा. गंजाचे खोल खड्डे पडलेत तर आर्म सरळ भंगारात. टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचं आट्यांचं टोक) काढताना किती फेरे फिरले ते मोजून ठेवा, तरी नंतर चाकांचं अलाइनमेंट करायचंच. आणि बुशचे बोल्ट गाडी चाकावर उभी असतानाच टाइट करा, जॅकवर केलात तर रबर कायम पिळलेलं राहतंय, लवकर फाटतंय.