पगार आणि मन वेगळं काढू नका
वर कुणीतरी म्हटलंय, रुग्णवाहिकेवरच्या लोकांना आधी समुपदेशन द्या, थकलेल्या पगाराचं नंतर बघू. मला हे पटत नाही. माझा मावसभाऊ सातारा भागात हायवेवर रुग्णवाहिका चालवतो. खंबाटकी घाटातला अपघात असला की जखमीला दवाखान्यात उतरवायचं, स्ट्रेचरवरचं रक्त पाइप लावून धुवायचं, आणि ते वाळायच्या आत पुढचा कॉल. त्यात पगार थकला की बँकेचे फोन सुरू. झोप उडते ती दोन्हींमुळे.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. जरूर फोन करा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्याने थकलेला पगार मिळत नाही.

आपल्याकडची १०८ सेवा २०१४ पासून ठेक्यावर चालते. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने, म्हणजे काम ठेक्यावर देणाऱ्याने, द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनच ठरलेलं आहे. म्हणून थकलेल्या पगाराचं निवेदन ठेकेदाराबरोबर आरोग्य विभागालाही द्या, पोच घ्या. आणि एक मागणी वाढवा: लहान मूल दगावलं किंवा मोठा अपघात हाताळला, तर त्या रुग्णवाहिकेवरच्या दोघांना उरलेली शिफ्ट भरपगारी सुट्टी.